पाढेबाई गप्प झाल्या तेव्हा

शाळेत त्यांना सगळे पाढेबाई म्हणत. तिसरीला त्या गणित शिकवत आणि प्रत्येक पाढ्याला त्यांनी स्वतःची चाल लावली होती. सातचा पाढा ठसक्यात, तेराचा रेंगाळत, आणि एकोणीसचा तर असा धावता, की शेवटाला पोचेपर्यंत वर्गाला धाप लागे. आवाज थेट फाटकापर्यंत जायचा. शिपाईमामा म्हणायचे, "बाई शाळेत आहेत तोवर घंटेला काही काम नाही."

मग घशात गाठ आली. ऑपरेशन झालं. गाठ साधीच निघाली, जिवावरचं टळलं, पण आवाज गेला. उरली ती नुसती खरखर, तीही चार वाक्यांत दमणारी.

मुख्याध्यापिकांनी त्यांना संगणकाच्या खोलीत धाडलं. "तिथं फारसं बोलावं लागत नाही हो," त्या समजुतीनं म्हणाल्या. बाईंच्या वर्गावर एक तरुण शिक्षिका आली. वर्ग नेमका भिंतीपलीकडेच होता.

संगणकाच्या खोलीत एकेका माऊसवर तिघातिघांची झोंबाझोंबी. ओरडायची सोय नाही, डस्टर आपटून आपटून हात दुखला. एकदा वैतागून बाईंनी सगळी यंत्रं बंद केली, बाकं भिंतीला सरकवली आणि फरशीवर खडूनं मोठमोठे चौकोन आखले. पुठ्ठ्यांवर बाण काढले. वर्गातल्या सर्वांत वांड मुलीला एका चौकोनात उभं केलं आणि पुठ्ठा वर धरला. पुढे. पुढे. डावीकडे. पुन्हा पुढे. मुलगी थेट कपाटावर जाऊन आदळली.

"बाई, तुम्हीच तसं दाखवलंत!" ती कपाळ चोळत म्हणाली.

वर्ग खदाखदा हसला. बाईंनी खूण केली, आता तुम्ही दाखवा, मी चालते. पुठ्ठ्यांवर उड्या पडल्या. पोरांनी 'पुढे'चा बाण धरला तो धरलाच, आणि बाई भिंतीला नाक लावून जागच्या जागी पावलं टाकत राहिल्या.

"अरे, भिंत आली तर वळायचं, हे आपण सांगितलंच नाही!" एकजण ओरडला.

मग 'भिंत आली तर' असा नवा पुठ्ठा झाला. 'तीन वेळा'चा झाला. दारापर्यंत चौकोन किती, दोन-दोनच्या उड्या मारल्या तर किती, यावर भांडणं होऊ लागली. त्याच आज्ञा पोरं पुढे संगणकाच्या पडद्यावर चालणाऱ्या चित्राला देऊ लागली, आणि चित्र भरकटलं की माऊस सोडून उठायची, फरशीवर स्वतः चालून चूक कुठे झाली ते शोधायची.

तास असे रंगत होते. तरी भिंतीपलीकडून सातचा पाढा ऐकू आला, बाईंचीच चाल, जराशी चुकलेली, की त्यांचा हात पुठ्ठ्यासकट वरच राहायचा. ओठ हलायचे. घरी आंघोळीला गेल्या की त्या नळ मोठा सोडून आवाज लावून बघत. बाहेर नवऱ्याला ते कळे. तो कळलं नाही असं दाखवी.

वर्षं उलटली. त्यांचा आवाज कधी ऐकलाच नाही अशी पोरं खोलीत येऊ लागली. त्यांच्यासाठी त्या बाणवाल्या बाई होत्या. एक मुलगी कानाशी येऊन अगदी त्यांच्यासारखंच कुजबुजली, "बाई, तुम्ही पहिल्यापासून अशाच बोलता?"

बाईंना बरंच सांगायचं होतं. पण चौकोनात एक पोर एक पाय वर धरून पुढच्या बाणाची वाट बघत होतं. त्या "हो" म्हणाल्या आणि त्यांनी पुठ्ठा उचलला.

संध्याकाळी नवरा न्यायला आला. चालता चालता, थांबत थांबत त्यांनी त्याला हे सांगितलं.

"अगं, मग खरं सांगायचंस की!"

"ते पोर पडलं असतं ना."

तो हसला. त्या हसल्या नाहीत. वळणावर त्यांनी विचारलं, "अहो, तुम्हाला माझा आवाज आठवतो?"

"न आठवायला काय झालं?"

"मला हल्ली नीट आठवत नाही."

त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि तो त्यांच्या जवळून, सावकाश चालू लागला.