विनोदिनीचं वय

विनोदिनीचं वय चव्वेचाळीस आहे, हे मला तिचं आडनाव कळायच्या आधी कळलं. मीच विचारलं होतं. नव्या ओळखीत बाईमाणसाला कुणी वय विचारत नाही, पण दवाखान्यात माझी पंधरा वर्षांची लेक गंधाली माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि शेजारच्या बाकावरची ही बाईसुद्धा सिकलसेलचीच रुग्ण होती. मला दुसरं काही सुचलंच नाही.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली. "काहून? कमी वाटते का जास्त?"

मी मनात वजाबाकी केली. चव्वेचाळिसातून पंधरा.

या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. मग हाडांत असं दुखतं की पोरगी तोंडात उशी कोंबून ओरडते. तो आई आणि वडील दोघांकडून येतो. आमच्याकडे, विदर्भात नि छत्तीसगडात, पुष्कळ घरांत आहे. गंधालीचा तिसऱ्या वर्षी निघाला. तेव्हापासून मी रात्री उठून तिचा श्वास ऐकते.

रायपूरच्या एका दवाखान्यात या आजारावर अभ्यास चालू होता. औषध घ्यायचंच, शिवाय महिन्यातून एकदा रुग्णांनी गोल करून बसायचं आणि बोलायचं. बोलण्यानं मनाला आणि दुखण्याला काही फरक पडतो का, ते त्यांना पाहायचं होतं. भार्गव नावाचे समुपदेशक ही बैठक घेत. घरच्यांनी मागच्या बाकावर गप्प बसायचं. गंधालीला मी जबरदस्तीनंच नेलं होतं. दहावीनंतर कोणते विषय घ्यायचे, असं मी घरी विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली होती, "मम्मी, दसवीं के बाद का मत सोचो ना." त्या शांतपणाची मला तिच्या दुखण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

विनोदिनीचे वडील रेल्वेत, गोंदियाहून बदली होऊन आलेले. लहानपणी तिच्या दुखण्याला सगळे वात म्हणत आणि शाळेतल्या बाई आळस म्हणत. ती बारा वर्षांची असताना एका डॉक्टरांनी तिच्यादेखत वडिलांना सांगितलं, पोरगी विशी पाहणार नाही.

"मग मी विशीची झाली ना, तर पेढे घेऊन गेली त्याच्या दवाखान्यात," ती गोलात बसून सांगत होती. "तं कुलूप! शेजारचा म्हणते, डॉक्टरसाहेब तं मागच्या सालीच वारले. मग काय, पायरीवर बसून मीच खाल्ले पेढे."

गंधाली हसली. इतकी हसली की भार्गवांनी तिला पाणी दिलं.

"आंटी, फिर?"

"आंटी म्हणशील तं पुढचं सांगणार नाही. दीदी म्हण."

विनोदिनी पंडरीच्या कापडबाजारात साड्यांच्या ठोक दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकांनी उलगडून टाकलेल्या साड्यांच्या दिवसभर घड्या घालायच्या. बसून करता येतं म्हणून तिनं हे काम धरलं होतं. लग्न केलं नाही. "रक्त तपासून घे म्हटलं की पोट्टे पळून जात," हेही ती हसत सांगे. चार-पाच महिन्यांत गंधाली एकदा आपणहून म्हणाली, "ग्यारहवीं में बायो लूँ क्या?" मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

मग विनोदिनी यायची बंद झाली. एका महिन्यात आली नाही, दुसऱ्याही नाही.

"दीदी नहीं आएगी तो मैं भी नहीं जाऊँगी," गंधाली म्हणाली. अकरावीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

मी भार्गवांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, एका पेशंटचं दुसऱ्याला सांगता येत नाही. नियम आहे."

"आजार नका सांगू. जिवंत आहे का, एवढंच सांगा."

"खरंच नाही सांगता येत."

घरी कुणाला न सांगता मी पंडरीला गेले. दुकानाचं नाव ठाऊक नव्हतं. 'घड्या घालणारी विनोदिनी' असं विचारत मी गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी एका गादीवरचे शेठ म्हणाले, "वो बीमारवाली दीदी? वो तो..." आणि त्यांचा फोन वाजला. कुण्या व्यापाऱ्याशी ते कापडाच्या थानांचा भाव करू लागले. मी खांब धरून उभी होते. फोन ठेवून ते म्हणाले, "वो तो अब अंदर बैठती है. जाओ, जाओ."

आत, साड्यांच्या ढिगाऱ्यात, ती गादीवर पाय लांब करून बसली होती. भिंतीला कुबडी टेकलेली होती.

"आधी डोळे पाहून घ्या माझे," ती म्हणाली. "मंग बसा."

मी उभीच राहिले.

"मले कळत नव्हतं का, ताई? दर महिन्याले तुम्ही माझे डोळे पाहत, पिवळे झाले का म्हणून. मी खोकली का तुमचा चेहरा उतरे. मी काय तुमच्या पोरीची पत्रिका आहे का?"

मग तिनं न येण्याचं कारण सांगितलं. खुब्याच्या हाडाला रक्त पोचत नव्हतं, ते हाड मेलं होतं. सांधा बदलायचा होता. "कुबडी घेऊन येऊ का तुमच्या पोरीसमोर? ती अकरावीचं बोलून राहिली होती."

मला त्या क्षणी काय आठवलं, तर मागच्या आठवड्यात जिना चढताना गंधालीनं कमरेवर ठेवलेला हात.

"पाहा," विनोदिनी म्हणाली. "आताही गंधालीचाच खुबा पाहून राहिल्या तुम्ही."

मी तिच्याजवळ खाली बसले. "तुम्हाला भीती वाटते का?"

तिचे हात साडीच्या घडीवर थांबले. हा प्रश्न मी तिला इतक्या महिन्यांत कधी विचारला नव्हता.

"वाटते ना. कापाकापीची नाही. थंडीची. ऑपरेशनच्या खोलीत लय थंड असते, अन् थंडी लागली की आमचं रक्त आतल्या आत अडते. डॉक्टर म्हणतात, काळजी घेऊ. ते बोलतात अन् मी एसीकडे पाहते."

"सोबत कोण आहे?"

"भाऊ आहे, नरहरी. उरल्याच्या कारखान्यात ड्यूटी त्याची. सुट्टी भेटली तं येईल."

"मी येते."

तिनं घडी पुरी केली. "या. पण माझ्यासाठी या."

घरी येऊन मी गंधालीला सगळं सांगितलं, कुबडीसकट.

"ऑपरेशन के बाद चल पाएगी ना?"

"माहीत नाही," मी म्हणाले. सगळं छान होईल, हे माझं नेहमीचं वाक्य तोंडातून निघालं नाही. गंधालीनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग कपाटातून तिचे लाल लोकरीचे मोजे काढले, वॉर्डात भरती झाली की ती घालते ते.

"ये दीदी को पहना देना. और मैं भी चलूँगी."

उद्या सकाळी ऑपरेशन आहे. पिशवीत मोजे आहेत, शाल आहे, गरम पाण्याचा थर्मास पहाटे भरेन. आत्ताच गंधालीच्या खोलीत जाऊन आले. तिचा श्वास ऐकत उभी होते, पण मन तिथे नव्हतं. नरहरीचा संध्याकाळी फोन आला होता, सुट्टी उद्या सकाळपासूनच मिळाली. म्हणजे विनोदिनी आज रात्री वॉर्डात एकटी आहे. तिच्या पलंगावरचा पंखा कुणी कमी केला असेल का?