वेणूबाईची ओळ

पनवेलच्या कोळीवाड्यात लग्न ठरलं की भटजीच्याही आधी वेणूबाईला विचारायचे. वेणूबाई धवलारीण. मांडव उभा राहिल्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत प्रत्येक विधीचं आपलं एक गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो गायल्याशिवाय कोळ्याच्या अंगाला हळद लागत नाही. जोडीला शेजारची शांती. वेणूनं ओळ टाकायची, शांतीनं झेलायची. दोघी विधवा, दोघींची भिंत एक, सकाळी बाजारात दोघींच्या म्हावऱ्याच्या पाट्या शेजारी शेजारी. भांडण व्हायचं नाही असं नाही, कोळणीच त्या. पण मांडवात बसल्या की एकीचा श्वास संपला तिथं दुसरीचा सुरू व्हायचा. अशी चाळीस वर्षं गेली.

मग डीजे आला. कानामागून आली नि तिखट झाली, म्हणतात ना, तसंच झालं. दोन हजार पाच-सहापासून हळदीला भिंतीएवढे स्पीकर लागायला लागले आणि धवला अर्ध्या तासावर आला. म्हाताऱ्या गायला बसल्या की पोरं घड्याळ बघायची, वायरी ओढत म्हणायची, आजी, आवरा लवकर. वेणूबाई आवरायची. घरी येऊन शांतीकडे कुरकुरायची की मेल्यांनो, लग्न तुमचं लागतं आमच्या तोंडानं आणि नाचता त्या खोक्यापुढं. पण ऐकणार कोण?

म्हणून सतरा साली तिचा नातू हितेश मोबाईल घेऊन पुढ्यात बसला आणि म्हणाला, आजी, एक धवला गा, मला पाहिजे, तेव्हा तिचा ऊर भरून आला.

हितेश आणि शांतीचा नातू शैलेश, दोघं एकाच वर्षीचे, द्रोणागिरीच्या एका गोदामात खोकी उचलायचे. बसमध्ये एका इयरफोनचं एक टोक याच्या कानात, दुसरं त्याच्या. त्यातून त्यांना ड्रिल सापडलं. वेणूबाईला वाटलं, पोरगा भोकं पाडायच्या मशीनचं बोलतोय. हितेशनं समजावलं की शिकागोच्या गरीब वस्तीत पोरांनी हे सुरू केलं, तिथून लंडनला गेलं. ठेका जड, आवाज दबका, आणि दुश्मनाचं नाव घेऊन सुनावायचं. त्यात मागं कुण्या बाईचा जुना सूर घुमत ठेवतात, तसा त्याला आजीचा पाहिजे होता. कुठलं शिकागो, कुठला कोळीवाडा! पण पोरांना त्यात आपलंच काहीतरी दिसलं होतं खरं. गावाची जमीन गेली, खाडीतली मासळी गेली, दिवसभर दुसऱ्याची खोकी उचलायची. दात-ओठ खाऊन बोलणारं गाणं त्यांना आवडणारच.

वेणूबाईनं हळदीचा आख्खा धवला म्हटला. हितेशनं त्यातली एकच ओळ कापून घेतली. नवरदेव हळदीच्या पाटावरून उठायला बघतो तेव्हा बायका त्याला लाडानं अडवतात, ती ओळ, नवरीच्या हळदीतही ती तशीच म्हणतात: थांब थांब रं नवरदेवा, हलद आंगाची वली हाय.

गाणं दोघांनी मिळून करायचं ठरलं होतं. मध्येच बिनसलं. कशावरून, तर नाव आधी कुणाचं लावायचं यावरून. एवढ्यावरून! हितेशनं शैलेशला काढून टाकला आणि त्याच ठेक्यावर, त्याच ओळीपुढे त्यालाच सुनावलं. थांब थांब रं नवरदेवा, असं आजी म्हणायची आणि मागून हितेशचा दबका आवाज यायचा, शैल्या, उतर खाली, तुझी वरात निघाली. लग्नातली ओली हळद गाण्यात जाऊन ओलं रक्त झाली, वरातीची प्रेतयात्रा झाली. ऐकणाऱ्या पोरांना ते बरोबर कळलं. कळलं नाही ते दोन म्हाताऱ्यांना.

वेणूबाई तर मोबाईल घेऊन शांतीकडेच गेली. दोघींनी ऐकलं आणि हसून हसून डोळ्यांतून पाणी काढलं. अहो, त्यांचंही काय चुकलं? मांडवात विहिणीचं नाव घेऊन तिचे वाभाडे काढायची रीतच आहे. नवऱ्याच्या मावशीला लोंबत्या नाकाची म्हणायचं, काकाला अधाशी म्हणायचं, आणि ज्याचं नाव घेतलं नाही तोच रुसून बसायचा. नातवाचं नाव गाण्यात आलं म्हणून शांती दोन घरं सांगत सुटली.

गाणं हां हां म्हणता पसरलं. रिक्षांत वाजलं, हळदीत वाजलं, क्रिकेटच्या सामन्यात षटक संपलं की वाजलं. कळंबोलीपासून उरणपर्यंत पोरं हाताची बोटं वाकवून एकमेकांना थांब थांब म्हणायला लागली. डीजेवाला आता वेणूबाईला बघून उठून उभा राहायचा. एका मांडवात तिला चक्क दोनदा गायला लावलं. म्हातारी खूष होती, खोटं कशाला बोला.

शैलेश मात्र सुकत चालला. एका दुपारी तो तिच्याकडे आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, आजी, हितेशला सांगून ते गाणं काढायला लाव. ज्यांना मी ओळखत नाय ती पोरं मला रस्त्यात अडवतात. हितेश माझा फोन घेत नाय.

वेणूबाई खाडीतले निवट मासे साफ करत होती. ती हसली.

"नाव घेतलं म्हंजी मान दिला रं तुला. त्यात काय रडतंस?"

शैलेश उंबऱ्याबाहेरूनच माघारी गेला. तिनं हितेशला एका शब्दानं विचारलं नाही. तिला ते महत्त्वाचंच वाटलं नव्हतं.

अठरा सालच्या डिसेंबरात, रविवारी भर दुपारी, सामन्याच्या मैदानाबाहेर तीन पोरांनी शैलेशला भोसकलं. तिघांतल्या दोघांनी त्याला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. एकानं पोलिसांत सांगितलं की गाण्यातला शैल्या तो हाच का, एवढंच विचारायला गेलो होतो, मग शब्दाला शब्द वाढला. तो दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. हितेशला चौकीवर नेलं, चार दिवस बसवलं, सोडलं. त्यानं तर कुणाला पाठवलं नव्हतं. घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून बोलला, आजी, ते नुसतं गानं होतं. त्यानं गाणं काढून टाकलं. तोवर ते शंभर जणांनी आपापल्या नावावर चढवलं होतं. उलट खरा माणूस मेला म्हणून ऐकणारे वाढले. आग लागो त्या ऐकण्याला.

हितेश अंबरनाथला निघून गेला, तिथंही कुठल्याशा गोदामातच. इकडे भिंत एक असूनही शांती बोलेनाशी झाली. बाजारात तिनं पाटी दुसऱ्या टोकाला हलवली. वेणूबाईला कुणी मांडवात बोलवेना. भरल्या हळदीत कोण तो सूर काढून घेणार? तिलाही गायचं नव्हतं. शैलेश उंबऱ्याबाहेर उभा असलेला तिला दिवसातून दहादा दिसायचा आणि आपलं ते हसू कानात वाजायचं. गेलेला पोरगा काही येणार नव्हता. पण शांतीनं एकदा तोंडावर शिव्या तरी द्याव्यात, एकदा आपल्या शेजारी तरी बसावं, एवढ्याचसाठी ती जगत होती.

पुढच्या मे महिन्यात शैलेशची बहीण कोमल हिचं लग्न निघालं. घरात मरण झालंय, वर्षाच्या आत उरकायचं म्हणून. शांती स्वतः दारात आली. पाच महिन्यांनी पहिल्यांदा.

"कोमलला धवल्याशिवाय हलद लावू कशी? तू ये. ती ओळ तेवढी सोड."

वेणूबाईनं तिचे पाय धरले. शांतीनं पाय सोडवून घेतले, पण जाताना म्हणाली, नवं लुगडं नेसून ये, येऊ नको अशीतशी.

हळदीला दोघी शेजारी बसल्या. वेणूनं गणपतीला हाक घातली, गावदेवीला घातली, शांतीनं झेलली. आवाज फाटले होते, तरी जुळले. कोमल पाटावर डोळे मिटून बसली होती. डीजे बंद होता, बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या, आणि वेणूबाईला वाटलं की होईल, सगळं नाही, पण एवढं तरी होईल. ती ओळ जवळ आली. तिनं ओळ गाळली. गाळायची म्हटलं तरी धवल्याची चाल काही तुटत नाही. तेवढ्या जागेपुरती ती गप्प राहिली, मनात मात्रा मोजत.

त्या गप्प जागेत पुढे मांडी घालून बसलेली पोरं म्हणाली. पाच-सहा वर्षांची, पाहुण्यांची, गजरे-बिजरे घातलेली. त्या गाण्यामुळे चाल त्यांना पाठ होती, मोकळी जागा बरोबर सापडली. सगळ्यांनी बोटं वाकवली आणि एका सुरात म्हटलं, थांब थांब रं नवरदेवा, हलद आंगाची वली हाय. आणि न थांबता पुढचंही म्हटलं, शैल्या, उतर खाली, तुझी वरात निघाली. एवढ्याशा तोंडांनी, अगदी तालात, कौतुक होईल म्हणून आजूबाजूला बघत.

कुणीतरी एकीच्या पाठीत धपाटा घातला. ती पोर रडायला लागली, आपलं काय चुकलं ते तिला कळेना. कोमल हळदीच्या हातांनीच तोंड झाकून बसली. वेणूबाईची पुढची ओळ राहून गेली. तिनं शांतीकडे पाहिलं. शांतीनं रडणाऱ्या पोरीला ओढून मांडीवर घेतलं होतं आणि तिचे डोळे पदरानं पुसत होती.

"मारू नका गो तिला," शांती म्हणाली. "शैल्या कोन होता, तिला काय ठावं?"