वरमाईला मी तोंड धुवायला लावले

चहा आधी संपवा, मग सांगते. कारण मी जे केले, ते ऐकताना तुम्ही हसणार, आणि कपात फुंकर घालून हसणाऱ्या माणसांचा मला शाळेपासून तिटकारा आहे. हसायचे असेल तर सरळ हसा. गावाने हसून घेतलेच आहे. तुम्ही तरी कशाला मागे राहता?

माझी भाची सायली. तिची आई ती लहान असतानाच गेली. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ दत्ताराम, तळा गावी भातशेती सांभाळत होता आणि मी म्हसळ्याला शाळा सांभाळत होते. पोर वाढली ती माझ्याकडे. तिच्या लग्नात आईच्या जागी मी उभी राहणार, ओटी मी भरणार, पाठवणी मी करणार, हे घरात कुणी बोलून दाखवले नव्हते; पण मी ते गृहीत धरले होते. गृहीत कशाला, त्यासाठीच जगत होते म्हणा ना!

मुलगा तिने स्वतः पसंत केला. पेणकडचा. त्यांची पूर्वी मिठागरे होती, आता ट्रक आहेत. मंडळी मुलगी पाहायला आली, त्या दिवशी मी मोतीबिंदू काढायला अलिबागला होते. त्यामुळे विहीणबाई मी पाहिलेल्या नव्हत्या.

साखरपुड्याच्या सकाळी दत्ताराम म्हणाला, "ताई, मोबाइलमध्ये फोटो आहे त्यांचा. एकदा बघून घे."

"काही आवश्यकता नाही," मी म्हणाले. "वरमाई कोण, हे मला चेहऱ्यावरून कळेल. माझे डोळे आता नवे आहेत."

नवे डोळे! ऐकताय ना? पुढे काय काय होते ते पाहा.

साखरपुडा तळ्याला घरासमोरच्या मांडवात होता. सायलीने माणगावची एक पार्लरवाली ठरवली होती आणि ती बाई वेळेवर आलेली नव्हती. उशिराने माझे डोके आधीच तापलेले. त्यात सायलीने मला आदल्या दिवशी समजावून सांगितले होते, की हल्ली जुन्या काळचा भडक मेकअप परत आला आहे. पापणीवर निळा रंग, गालांवर लाली, ओठांना गडद मरून कड आणि आत चमकणारी लिपस्टिक.

"आत्या, इतकी वर्षं सगळे मेकअप करून न केल्यासारखं दाखवायचे. आता केलाय तो दिसला पाहिजे, अशी फॅशन आहे."

"माझ्या शाळेच्या फाटकात तो दिसला, तर पुसला जात असे," मी म्हणाले.

"ते अख्ख्या तालुक्याला माहीत आहे," सायली म्हणाली आणि आरशाकडे वळली.

मला त्या मेकअपचे कौतुक वाटावे असे त्यात काय होते? तो परत आला म्हणे. गेला तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला होता. चांगल्या गोष्टी गेल्या की परत येत नाहीत. हे मात्र बरोबर पत्ता शोधत आले!

तर दत्ताराम पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेला होता आणि मी दारात उभी होते. इतक्यात एक छोटी गाडी थांबली. आतून एक बाई उतरली आणि चालक गाडी लावायला पुढे निघून गेला. बाईच्या अंगावर राणी रंगाची जरीची साडी. पापण्या मोरपिशी. गाल असे, की दोन्हीकडून कुणी थोबाडीत दिली असावी. ओठांभोवती ती मरून कड. हातात कडीकुलपाची मोठी लाल पेटी.

आता सांगा, तुम्ही काय समजला असता?

"आलात एकदाच्या!" मी म्हणाले. "ही वेळ आहे का यायची?"

बाई गडबडली. "गाडी वाटंत थांबली, म्हनून…"

"कारणे नकोत. पुढच्या दाराने नाही, मागच्या दाराने आत जा. आणि आधी स्वतःचे तोंड स्वच्छ धुऊन घ्या. हा असला प्रकार आमच्या घरात चालत नाही."

"तोंड धुवू?" तिने विचारले. "आत्ता?"

"आत्ता. मोरी डाव्या हाताला आहे. साबण तिथेच ठेवलेला आहे."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. काही विचारावेसे तिच्या मनात आले असावे; पण माझ्यापुढे ते लोकांच्या मनातच राहते. पेटी उचलून ती निमूटपणे परसदाराकडे गेली. मला तर कौतुक वाटले. पार्लरवाली असूनही वळण चांगले आहे!

पाठोपाठ बस आली; दत्ताराम मागच्या गाड्यांसाठी फाट्यावरच थांबला होता. राणी रंगाच्या साड्यांची रांगच उतरली. त्यांच्यात हळद असो, साखरपुडा असो, घरातल्या सगळ्या बायका एका रंगाच्या साड्या नेसतात. शिवाय सगळ्यांच्या पापण्या निळ्या, सगळ्यांचे गाल लाल. एकीला झाकावे आणि दुसरीला काढावे! मी मनात म्हणाले, यातली वरमाई ओळखायची कशी?

आणि मग ती उतरली. साधे नऊवारी लुगडे, स्वच्छ धुतलेला चेहरा, कपाळावर ठसठशीत कुंकू. रंगाचा एक ठिपका नाही. चालणे सावकाश, नजर स्थिर. वरमाई असावी तर अशी! मी पुढे होऊन तिला हात दिला.

आमच्याकडे वरमाईचे पाय उंबऱ्यावर कोमट पाण्याने धुतात आणि मानाची पहिली ओटी तिची भरतात. माझे गुडघे कसे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी मी खाली बसले.

"मना कशाला गो बाय?" ती म्हणाली.

केवढा हा विनय! "तुमचाच मान आहे," मी म्हणाले.

"माझा?"

"तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा असणार?"

"बरा," ती म्हणाली आणि दुसरा पाय पुढे केला.

मागच्या राणी रंगातल्या बायका तोंडाला पदर लावत होत्या. मी तो आदर समजले. त्यांना वाटले होते, की वरमाई पुढच्या गाडीने आली, तिचे मानपान केव्हाच झाले असेल, आणि आता ही शिकलेली मंडळी घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या बाईचे पाय धुतात की काय! मी नारळ, तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी सगळे यथासांग ओटीत घातले, त्या नऊवारीतल्या बाईंना पहिल्या खुर्चीवर बसवले आणि पंखा त्यांच्याकडे वळवला.

गुरुजी म्हणाले, "वरमाईंना पुढं बोलवा."

मी अभिमानाने त्या नऊवारीकडे हात केला. नवरामुलगा प्रशांत उभा राहिला.

"आत्या, ही हिराकाकी. माझी मोठी काकी. आई कुठंय? आई तर पुढच्या गाडीनं आली ना?"

मी त्या हिराबाईंकडे पाहिले. त्यांनी ओटी पदरात नीट बांधून घेतली होती आणि त्या समोर बघत होत्या, म्हणजे कुठेच बघत नव्हत्या. मला नंतर कळले, की घराच्या वाटण्या झाल्यापासून या दोन जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. भावकीचे बोलावणे म्हणून हिराबाई आल्या. पण धाकटीने पाठवलेली राणी रंगाची साडी नेसायला त्यांनी नकार दिला, आणि म्हणूनच त्या माझ्या नव्या डोळ्यांना एवढ्या सोज्ज्वळ दिसल्या.

तेवढ्यात परसदार उघडले.

काय वर्णन करू? तो मेकअप पाण्याने जाणारा नव्हता. साबणाने तो अर्धा निघाला होता आणि उरलेला चेहराभर फिरला होता. निळा रंग गालावर, मरून हनुवटीवर, काजळ तर गळ्यापर्यंत आले होते. एक खोटी पापणी भुवईवर चिकटली होती. पाण्याने साडीचा पदर चिंब. हातात तीच लाल पेटी, आणि त्या पेटीत, माझ्या बंधुभगिनींनो, सायलीची साखरपुड्याची साडी आणि चुडा होता!

"आये!" प्रशांत ओरडला. "काय झालं?"

"काय नाय," वरमाई सुगंधाबाई म्हणाल्या. "त्या बाईंनी सांगतला, मागल्या दारानं जा, तोंड धू. मना वाटला, तुमच्यान तशी रीत असंल. साबन पन ठेवलाता."



मग त्यांची नजर पहिल्या खुर्चीवर गेली. जाऊबाईंच्या धुतलेल्या पायांवर गेली. भरलेल्या ओटीवर गेली. तोपर्यंत त्यांनी सारे सोसले होते. हे सोसवले नाही.

"हिला?" त्या म्हणाल्या. "माझा मान हिला?"

"मी नको नको म्हनत होतू," हिराबाई शांतपणे म्हणाल्या.

सुगंधाबाई सायलीच्या खोलीत गेल्या आणि कडी लावून घेतली. आतून आवाज आला, "गाडी बोलवा. अंगठी नाय चढनार."

दत्तारामाने मान खाली घातली. ओरडला असता तर बरे झाले असते. सायली खोलीच्या दाराला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होते, आणि तिने मला काहीही म्हटले नाही. मी आयुष्यात पुष्कळांना गप्प केले आहे. स्वतःच्या लेकराने गप्प राहणे काय असते, ते तेव्हा कळले.

मी दारापाशी गेले. "विहीणबाई, माझी चूक झाली. दार उघडा."

"लगीन झाला तवा मी असाच मेकअप केलाता," आतून हुंदका आला. "सासूनं पयल्याच दिशी पुसाया लावला. आता फॅशन परत आली, मना वाटला सासू काय परत येनार नाय!"

मांडवात कुणीतरी खुसखुसले. मी वळून पाहिले नाही.

"तुम्ही सांगाल ती शिक्षा मान्य आहे," मी म्हणाले.

दत्ताराम निघालेल्या पाहुण्यांना थोपवायला बसकडे धावला आणि इकडे कडी निघाली. त्याच वेळी माणगावची खरी पार्लरवाली धापा टाकत आली. काळी पँट, पांढरा सदरा, चेहऱ्याला पावडरसुद्धा नाही!

"हिच्याकडून माझा तोंड परत नीट करून घेतू," सुगंधाबाई म्हणाल्या. "पन जिनं पुसाया लावला, तिनं पन बसायचा. मी जशी, तशी. साडी पन आमचीच. एक शिल्लक हाय."

हिराबाईंनी नाकारलेली!

"आत्या," सायली हळूच म्हणाली, "माझ्यासाठी."

मी बसले.

"डोळे वर," पार्लरवाली म्हणाली. "ओठ असे करा. हलू नका. बोलू नका म्हटलं ना!"

माझ्या तोंडाला भिंतीसारखा गिलावा झाला. पापण्यांवर निळे, गालांवर लाल, ओठांवर ते मरून चकचकीत. खोट्या पापण्या इतक्या जड, की माणूस झोपेत आहे की तोऱ्यात, तेच समजू नये. अंबाडा सोडून केसांचा डोंगर केला. राणी रंगाची साडी. आरशात एक बाई दिसली. तिला मी माझ्या घरात उभी केली नसती.

सुगंधाबाईंनी दोन पावले मागे जाऊन मला न्याहाळले आणि खुदकन हसल्या. "आता कशी गो बाय दिसतंस! चल, आमच्यान बस."

अंगठी चढली. सुगंधाबाईंनी स्वतःच्या हाताने सायलीला चुडा भरला. माझा जीव भांड्यात पडला. मी वरपक्षाच्या खुर्च्यांत, कडेला, मान ताठ ठेवून बसून राहिले. वाकले असते तर पापण्या गळाल्या असत्या.

तेवढ्यात दत्ताराम आला. खुर्च्यांच्या रांगेपुढून एकेकीला हात जोडत, मान खाली घालून, क्षमा मागत चालला होता. माझ्यासमोर थांबला.

"वहिनी, मनावर घेऊ नका," तो म्हणाला. "आमची ताई मनानं वाईट नाही, पण जन्मभर शाळा चालवली, घरसुद्धा शाळाच समजते. तिच्यापुढं कुणाची बोलायची छाती होत नाही. माझीही नाही. पण शब्द देतो, लग्नात ती पुढं पुढं करणार नाही. ओटी, पाठवणी सगळं सायलीची मावशी बघेल. ताईला मागं पंख्याखाली खुर्ची टाकून देऊ. चालेल ना?"

मी बोलले असते, तर आवाजाने ओळखले असते. त्याने ओळखले असते, तर तो त्याच मांडवात सर्वांसमोर माझ्या पाया पडला असता, आणि सायलीच्या साखरपुड्यात दुसरा तमाशा झाला असता.

मी मान डोलावली.

"फार उपकार झाले," तो म्हणाला आणि पुढच्या खुर्चीकडे सरकला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे म्हसळ्याला आला. बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला. शेवटी म्हणाला, "ताई, रागावू नकोस. लग्नात तू मागं बसावंस, असं ठरलंय."

"कुणाशी ठरले?"

"वराकडच्या एका बाईंशी. फार समजूतदार बाई! सगळं ऐकून घेतलं, उलट एक शब्द बोलली नाही." मग त्याने एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिले. "ताई, माणसानं असं असावं. तू त्यांच्याकडून काहीतरी शिक."