बॅग धरणारी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी माझं वजनसुद्धा खरं सांगते. तुम्हाला सांगते, पण जरा आडवळणानं. सरळ यायची हिंमत अजून पुरती झालेली नाही.

दोन हजार तीन-चारची गोष्ट. नाशकात सातपूरला, कारखान्यांच्या मागं एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही बॉक्सिंग शिकायचो. मुली दोनच — मी आणि सुनंदा. ती दिंडोरीकडची, इथं मामाकडे राहायची. आमची बॅग म्हणजे ताडपत्रीत चिंध्या आणि लाकडाचा भुसा ठासून शिवलेली. फटका बसला की झोपाळ्यासारखी पळायची. म्हणून एकीनं मारायचं आणि दुसरीनं मागून खांदा लावून ती धरायची.

धरणारीला सगळं कळतं. मारणारीचं वजन कुठं आहे ते बॅगेतून थेट खांद्यात येतं. सुनंदाचा हात लोखंडी होता, पण ती बॅगेवर रेलायची — फटक्यामागोमाग सगळं अंग पुढच्या पायावर, मागचा पाय जवळजवळ हवेत. सर ओरडायचे, "बॅग नसती तर पडली असतीस का? विचार स्वतःला!" ती विचारायची की नाही, देव जाणे. उत्तर मला माहीत होतं. मी घट्ट धरायचे म्हणून ती पडत नव्हती.

"तू धरली ना, का मला लय भारी वाटतं," ती म्हणायची. "पाय हालतच नाय."

सरांच्या मागं पोरांचा घोळका. आमच्याजवळ थांबायला त्यांना वेळ नसायचा. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "रेलते का गं ती अजून?"

मी म्हटलं, "नाही सर. सुधारलं."

का म्हटलं असेल? जिल्ह्याच्या संघात आमच्या वजनात एकच जागा होती — म्हणून. आणि सुनंदाच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, निवड झाली तर नाशकात राहा, नाहीतर परत ये, द्राक्षाच्या छाटणीला माणसं कमी पडतात. हेही मला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं असं काहीच नव्हतं. तरी मी मिठाची गुळणी धरून बसले, आणि रोज बॅग आणखी घट्ट धरत गेले.

निवडीच्या लढतीत तिच्यासमोर मीच. ती नेहमीसारखी झेपावली, आणि मी अर्धं पाऊल बाजूला झाले. बस्स. समोर बॅग नव्हती, बॅगेमागं खांदा नव्हता. आपल्याच फटक्यानं ती पुढं कोलमडली. सावरायच्या आत मी मारून घेतलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. लोकांनी माझ्या पायांचं केवढं कौतुक केलं! केसानं गळा कापणं म्हणतात ना — माझ्या बाबतीत ते टाळ्यांच्या गजरात झालं.

सुनंदा गावी गेली. मी संघातून एकच स्पर्धा खेळले आणि पहिल्याच फेरीत आपटले.

गेल्या महिन्यात दिंडोरीला एका लग्नात ती भेटली. माझा हात धरून आपल्या मुलीला सांगत होती, "हिचे पाय बघायला पायजे होते तू. मी येडी, रिंगमधी घाबरून गेले. बॅगवर तर माझं समदं बरोबर होतं." दोघी मायलेकी हसल्या. म्हणजे इतकी वर्षं ही स्वतःला भित्री समजत आली! आणि मी? मी तिथं उभी राहून जिलबी खाल्ली.

झालं. सांगून टाकलं. खरं सांगू? हलकं वाटतंय. इतकं हलकं वाटायचा मला हक्क नाही, पण वाटतंय — खांद्यावरून ती भुशाची बॅग उतरल्यासारखं. उद्या सकाळच्या बसनं दिंडोरीला जाणार आहे. माफी मागणार नाही. माफ करायचं काम आणि तिच्या गळ्यात कशाला? ती ओरडेल, दार लावून घेईल, काय करायचं ते करेल. तिला तिचं आहे तेवढं परत द्यायचंय — सुनंदा, तू घाबरली नव्हतीस. तुझा तोल जात होता, आणि मला तो रोज खांद्याला कळत होता.