आडवी रेघ

बाजारात त्याला सगळे ट्यूबवाला म्हणत. नाव टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवरून पडलं होतं, पण शेजारचा किल्लीवाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा की याची ट्यूब उशिरा पेटते म्हणून. ट्यूबवाल्याला त्याचं काही वाटत नसे. घाईने पेटलेल्या ट्यूबा लवकर जातात, एवढंच तो म्हणायचा आणि पुन्हा कामात डोकं घालायचा.

मिसरूड फुटायच्या वयात तो एका दुरुस्तीच्या दुकानात लागला. मालकाने त्याला सगळ्यात आधी शिकवलं ते रेघ बघायला. पडद्यावर चौकटींची जाळी आणायची, डावा डोळा मिटायचा, उजव्याने बघायचं, आणि जिथे रेघ पोटात गेली असेल तिथे ट्यूबच्या मानेवरच्या कड्या फिरवून, छोटी चुंबकं चिकटवून तिला ताठ करायची. जुन्या टीव्हीत किरण काचेवर लांबून फेकलेले असत, ते भरकटणारच. त्यांना वळण लावायचं हा धंदा. पुढे त्याच उजव्या डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग लावून तो बारीक सोल्डरिंग करू लागला. डाव्या डोळ्याला त्याने जन्मभर काही काम दिलं नाही म्हटलं तरी चालेल.

मग चपटे टीव्ही आले आणि धंदा बसला. चपट्या टीव्हीत हात घालण्यासारखं फारसं काही नसतं. आतली सर्किटची पाटी बदला, नाहीतर टीव्हीच बदला. त्याने इस्त्र्या केल्या, मिक्सर केले, हेअर ड्रायर केले, सगळं तोंड वाकडं करून केलं. बायको एका शाळेच्या ऑफिसात होती. घर तिच्या पगारावर चाललं. ती तसं कधी बोलून दाखवत नसे, पण न बोलण्याच्याही तऱ्हा असतात.

त्याला पुन्हा बरे दिवस दाखवले ते जुन्या व्हिडिओ गेमनी. शाळा बुडवून ज्यांनी ते खेळले ती मुलं आता पोट सुटलेली, केस विरळ झालेली गृहस्थ मंडळी झाली होती. त्यांनी माळ्यावरून आपापले गेमचे डबे काढले, भिंतीएवढ्या टीव्हीला जोडले आणि ती हिरमुसली. लहानपणी इतकं सुंदर दिसणारं चित्र हे असं चिखलासारखं कसं झालं, हे त्यांना कळेना. ट्यूबवाल्याला कळत होतं. डब्यातून सगळे रंग एकाच तारेत कालवून बाहेर येतात. जुना टीव्ही मायाळू होता, कडा मऊ करून सगळं खपवून घ्यायचा. चपट्याला माया नाही. तो तोच कालवलेला रंग मोठा करून तोंडावर मारतो, वर गेममधल्या माणसांना आडवं ताणून भोपळे करून ठेवतो. ट्यूबवाला डबा उघडायचा, आतल्या चित्राच्या चिपपासून लाल, हिरवा, निळा अशा तीन वेगळ्या तारा बाहेर काढायचा, मधे एक कन्व्हर्टर बसवायचा, चित्र पुन्हा मूळ आकारात आणायचा, आणि शेवटी टीव्हीत चित्र सुधारण्याच्या म्हणून ज्या काही सोयी असतील त्या सगळ्या बंद करून टाकायचा. यंत्राने आपणहून सुधारायला घेतलं की वाट लागते, असं त्याचं ठाम मत होतं. तारांचं काम तो इतकं स्वच्छ करायचा की लांबून लांबून डबे येऊ लागले. साठी उलटल्यावर माणसाला पुन्हा कुणीतरी विचारायला लागतं, ही साधी गोष्ट नाही. तो दाढी रोज करू लागला.

याच सुमाराला एका दाताच्या डॉक्टरने आपला डबा आणून दिला. किल्ल्याचा गेम होता: दगडी भिंती, शिड्या, दरवाजे आणि त्यांतून पळणारा इवलासा शिपाई. ट्यूबवाल्याने नेहमीसारखं सगळं केलं, दुकानातल्या टीव्हीला जोडलं, डावा डोळा मिटला आणि बघितलं. रंग स्वच्छ, कडा धारदार. फक्त एका दरवाज्याची चौकट मधोमध आत गेली होती, कुणी बोटाने दाबल्यासारखी.

उभी रेघ वाकायला कारणं असतात. जुना डबा चित्राच्या ओळी सोडताना किंचित मागेपुढे करतो. कन्व्हर्टर त्यात गोंधळला की ओळी सरकून बसतात आणि उभी रेघ वळवळते. हे अगदी खरं आहे, आणि खरं होतं म्हणूनच तो फसला. त्याने कन्व्हर्टर बदलला. तारा बदलल्या. डब्यातले जुने कपॅसिटर काढून नवे घातले. चौकट आतच. शिडीकडे बघितलं तर शिडी दबलेली, बुरुजाकडे बघितलं तर बुरूज. तो जिकडे बघेल तिकडे बाक हजर. तेव्हा त्याने निदान केलं की दोष फिरता आहे, म्हणजे अर्थिंगमध्ये काहीतरी घोटाळा आहे, आणि दुकानाचं अर्थिंग नव्याने करून घेतलं.

डॉक्टर मधेच येऊन बघून गेला. तो खूश होता. चित्र इतकं सुरेख असू शकतं हे आपल्याला माहीतच नव्हतं, म्हणाला, आणि डबा उचलायला लागला. ट्यूबवाल्याने त्याच्या हातातून काढून घेतला.

"डॉक्टर, दात तुम्ही बघा. रेघ मी बघतो."

बायको आता रिटायर झाली होती, दुपारचा डबा घेऊन दुकानात यायची. तिलाही त्याने उभं करून विचारलं. तिला सगळं सरळ दिसत होतं. तो म्हणाला, तुला भिंतीवरची तसबीर वाकडी टांगलेली कळत नाही, तुला काय विचारायचं.

"नवरा वाकडा आहे हे कळतंय, तेवढं पुरे आहे," ती म्हणाली आणि डबा उघडून समोर ठेवला.

म्हणजे तीन माणसं एका पडद्याकडे बघत होती, त्यांतल्या दोघांना तो सरळ दिसत होता, आणि तिसऱ्याच्या मनात एकदाही आलं नाही की आपणच तपासून घ्यावं.

आलं ते एका सकाळी, आणि फार सोप्या रीतीने आलं. शिपाई ज्या जमिनीवरून पळतो ती जमीन, म्हणजे पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलेली आडवी रेघ, मधे झोळीसारखी लोंबत होती.

चपट्या टीव्हीत आडवी रेघ लोंबू शकत नाही. ती मुळात रेघ नसतेच, ठिपक्यांची रांग असते, कारखान्यातून घट्ट बसवून आलेली. तिचा रंग चुकेल, ती काळी पडेल, मरेल. पण खाली झुकणार नाही. कन्व्हर्टर कितीही बिघडला तरी ओळ सरकते, लोंबत नाही. हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

त्याने उजवा डोळा मिटून डावा उघडला. जमीन सपाट होती. पुन्हा उजवा, झोळी. पुन्हा डावा. मग तो दाराकडे वळला आणि किल्लीवाल्याच्या अर्ध्या ओढलेल्या शटरच्या पट्ट्यांकडे बघितलं. पट्ट्यांनाही मधे खड्डा पडला होता.

कुणीही सांगेल की त्याच पावली उठून डोळ्याच्या डॉक्टरकडे जायला हवं होतं. ट्यूबवाल्यालाही ते समजत होतं, तो काही बिनडोक नव्हता. तो घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाची अक्कल आधी सबबी शोधते. चष्म्याचा नंबर बदलला असेल. सोल्डरिंगचा धूर बाधला असेल. हातातली कामं संपवू, मग जाऊ. खरी गोष्ट अशी होती की डॉक्टरने एकदा 'हा डोळा गेला' म्हटलं की दुकान गेलं, आणि न विचारता बसलं तर ते आज तरी उघडं होतं.

दाताच्या डॉक्टरला त्याने डबा देऊन टाकला. काय निघालं शेवटी, असं डॉक्टरने कौतुकाने विचारलं. अर्थिंग, ट्यूबवाला म्हणाला.

मग तो भिंग डाव्या डोळ्याला लावू लागला. हाताला ते मानवेना. टोक हवं तिथे न पडता शेजारी पडायचं. कुणाच्या तरी डब्यातल्या पाटीवरचा तांब्याचा एक पातळ पट्टा त्याच्या हातून जळाला, तेव्हा त्याने गुपचूप स्वतःकडचा डबा त्या गिऱ्हाइकाला दिला. उजवा डोळा मिटून बसायची सवय लागली. किल्लीवाल्याने ते हेरलं आणि या वयात कुणाला डोळा मारताय म्हणून आठवडाभर चिडवून घेतलं. ट्यूबवाला हसला. हसणं भाग होतं. हिवाळा असाच गेला.

दुकानाच्या कोपऱ्यात एक जुना ट्यूबचा सेट होता. त्याने स्वतःच्या हाताने जमवलेला, इतका अचूक की बाकीचे टीव्ही त्याच्याशी ताडून बघायचे. काम कमी झाल्यावर तो त्या सेटपुढे बसू लागला. इथे आडवी रेघ झुकली तर दोष सेटचा असू शकत होता. जाळी लावायची, डावा डोळा मिटायचा आणि मागे हात घालून कड्या फिरवायच्या. रेघ एका जागी ताठ झाल्यासारखी वाटे, नजर हलली की बाक तिच्यामागे चालू लागे. तो आणखी एक चुंबक चिकटवायचा.

बायको दुपारी आली तेव्हा तो असाच बसला होता. तिने पडद्याकडे बघितलं. चौकटी फुगल्या होत्या, कोपरे आत ओढले गेले होते, कडांना जांभळं-हिरवं फुटलं होतं. ज्या सेटला ती इतकी वर्षं फडकंसुद्धा लावू शकत नव्हती, तो सेट.

"आता सरळ आहे ना?" त्याने मागे न बघता विचारलं.

"अहो, काय करून ठेवलंय तुम्ही हे?"

तिने वाकून त्याच्या तोंडाकडे बघितलं, मिटलेल्या डोळ्याकडे बघितलं. मग स्टूल ओढून शेजारी बसली आणि कधीपासून, एवढंच विचारलं. त्याने सगळं सांगितलं. चौकटीपासून सांगितलं. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती रागावली नाही, दुकानाचं शटर तिनेच ओढलं.

डोळ्याची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने बराच वेळ तपासलं आणि म्हणाली, पडद्याखाली पाणी झिरपतंय. कुठल्या पडद्याखाली, असं त्याच्या तोंडून निघून गेलं. डोळ्याच्या आतही पडदा असतो, काका, ती म्हणाली. मग तिने हातात एक कार्ड दिलं. कार्डावर जाळी होती, त्याच्या जाळीसारखीच, फक्त मधे एक ठिपका. रेघा कुठे वाकतात ते पेन्सिलने दाखवा म्हणाली. त्याने इतकं बारकाईने काढून दिलं की ती क्षणभर बघत राहिली. मधोमध त्याने करडा डाग भरला. तिथे रेघा नव्हत्याच.

केव्हापासून म्हणून तिने विचारलं तर तो म्हणाला, झाले असतील एक-दोन महिने.

"खरं सांगा," बायको म्हणाली.

त्याने खरं सांगितलं. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. चौकट वाकली तेव्हा आला असतात तर इंजेक्शनं देऊन बहुतेक थांबवता आलं असतं, असं तिने सरळ सांगितलं, गोड करून सांगितलं नाही. आता व्रण झाला आहे, मधली नजर परत येणार नाही. डावा डोळा आज चांगला आहे. पण एकात झालं ते दुसऱ्यात होऊ शकतं, आणि दुसऱ्यात झालं तर दिवस घालवून चालणार नाही. रोज सकाळी उजवा डोळा झाकून हे कार्ड बघा. एक रेघ जरी हलली तरी त्याच दिवशी या.

"आम्हाला बाहेरून सुरुवातीला काही दिसत नसतं," ती म्हणाली. "तुमच्याशिवाय हे कुणाला कळणार नाही."

दुकान बंद झालं. न सरावलेल्या डाव्या डोळ्याने अंतर कळत नाही, सोल्डरिंगचं टोक हवेत फिरतं. ते काम संपलं. बाहेरचे लोक काही दिवस फोन करत राहिले, मग थांबले.

कार्ड फ्रिजच्या दारावर चिकटवलं. रोज सकाळी तो त्यापुढे उभा राही आणि बायको ओट्यापाशी काम करता करता विचारी, सरळ? तो म्हणे, सरळ. ती कार्डाकडे बघत नसे, बघून तिला काय कळणार होतं? ती त्याच्या तोंडाकडे बघायची. ज्या माणसाने सगळा हिवाळा शेजारी झोपून थापा मारल्या त्याच्या एका शब्दावर आता तिला रोजचा दिवस काढायचा होता. तिच्या मनात काय चालतं हे त्याला कळायचं. याच्यावर काही इलाज नव्हता. शपथ घ्यायला लागावं तर ते आणखीच खोटं वाटलं असतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी त्याने उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि ठिपक्याकडे बघितलं. ठिपक्याच्या खालच्या एका रेघेला बारीकसा खांदा आला होता.

त्याने डोळा मिचकावला. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. कार्ड उन्हात आणून बघितलं, पुन्हा जागेवर लावून बघितलं. खांदा तिथेच. या डोळ्याने तो पेपर वाचत होता, जिना उतरत होता, बायकोचं तोंड बघत होता. आणि सांगितलं तर आज, उद्या, याच डोळ्यात सुई जाणार होती. सुईने काम झालं नाही तर पुढे काय, हे डॉक्टरने सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

"सरळ?" बायकोने नळाखाली भांडी धुता धुता विचारलं.

शब्द तोंडात तयार होता. सकाळी सकाळी आपोआप येणारा, गुळगुळीत झालेला.

"नाही," तो म्हणाला.

नळ बंद झाला. ती ओल्या हातांनीच दाराकडे वळली. त्याने कार्डावर बोट ठेवून जागा दाखवली. ती तोवर चपला शोधत होती. सदरा बदला, एवढं म्हणाली, मग स्वतःच म्हणाली राहू दे, आणि दाराला कुलूप घातलं.

जिन्यात तिने त्याचा दंड धरला. तो एकेका पायरीच्या कडेकडे बघत उतरला. कडा अजून सरळ होत्या, बहुतेक.