दुर्बीणबाईंची माहेरवाशीण

दुर्बीणबाईंना भेटायचं तर आधी दम लागेपर्यंत टेकाड चढावं लागे, आणि वर पोचलेल्या माणसाकडे त्या वळूनही बघत नसत. "बसा," म्हणायच्या, "पण मधे उभं राहू नका." मधे म्हणजे त्यांच्या आणि समुद्राच्या मधे. टेकाडाच्या टोकावरची पत्र्याची टपरी, तिला बिनकाचेची रुंद खिडकी, खिडकीत स्टँडवर मोठी दुर्बीण, चहाचा थर्मास, वॉकीटॉकी आणि एक फिरती खुर्ची. खुर्चीचं एक चाक केव्हाच निखळलं होतं, त्या जागी लाकडाचा ठोकळा ठोकलेला. म्हणजे खुर्ची फिरायची, पण जागची हलायची नाही. बाईंचंही तसंच होतं.

खालच्या धक्क्यावरून लोकांना देवमासे दाखवायला बोट सुटायची. बोटीवर उभं राहून लांबचं दिसत नाही, म्हणून वरून बाई बघायच्या आणि कुठे जायचं ते बोटीला सांगायच्या. सांगायची रीत घड्याळाची. बोटीचं नाक म्हणजे बारा, उजवीकडे तीन, मागे सहा, डावीकडे नऊ. ऐकायला सोपं, पण ग्यानबाची मेख अशी की घड्याळ बोटीचं असतं, बघणाऱ्याचं नसतं. बोट टपरीकडे तोंड करून परत येत असली की बाईंच्या उजव्या हाताचं ते बोटीच्या डाव्या हाताचं. नवे लोक इथे हमखास आपटी खात. बाई त्यांना एकच धडा द्यायच्या. "आधी आपली खुर्ची विसरायची. तुम्ही इथे नाहीच. तुम्ही बोटीत बसलाय." स्वतः त्या उभ्या आयुष्यात कधी चुकल्या नव्हत्या, आणि हे सांगायला कुणी विचारायची त्या वाट बघत नसत.

बोट पूर्वी त्यांचे यजमान चालवायचे. ते गेल्यावर धाकट्या दिराच्या हाती आली. दीर म्हणजे मनानं सोनं आणि तोंडानं भोंगा. धक्क्यावर सगळे त्याला कप्तान म्हणत. वॉकीटॉकीवर तो दिवसभर "वहिनी, बोला!" करत असायचा आणि बाई बोलायच्या.

पाण्याबाहेर फवारा दिसला की कोण आलंय ते बाईंना कळायचं. यात जादूटोणा नाही, रोज बघून बघून डोळा तयार होतो. ब्लू व्हेलचा फवारा सरळसोट, तीन मजली घराएवढा उंच. जगातलं सगळ्यात मोठं जनावर, पण पाठीवरचं पर म्हणाल तर इवलंसं, तेही पार शेपटीजवळ. बाई म्हणायच्या, "हत्तीला उंदराचा कान लावलाय." स्पर्म व्हेलची नाकपुडी डोक्याच्या टोकाला डावीकडे, त्यामुळे तिचा फवारा पुढे आणि डावीकडे कलंडलेला. चौकोनी डोकं, अंगावर सुरकुत्या. एकदा बुडी मारली की खोल काळोखात माखल्या, म्हणजे स्क्विड, शोधत तासभर वर येत नाही. तेवढ्यात बाईंचा चहा व्हायचा. फिन व्हेलचा जबडा उजवीकडे पांढरा आणि डावीकडे काळा. घाईघाईत अर्धीच पावडर लावून निघालेली, हा बाईंचा विनोद कप्ताननं प्रवाशांना इतक्यांदा ऐकवला होता की शेवटी तो स्वतःचाच समजू लागला. किलर व्हेल जातीनं खरा डॉल्फिनच, फक्त नाव मोठं. त्यांचे नर चांगले थोराड होतात, माणसाएवढं उंच पर पाठीवर मिरवतात, आणि जन्मभर आईच्या मागेमागे हिंडतात.

पण बाईंचा जीव अडकला होता एका हंपबॅक मादीत. ही जात थंड समुद्रात पोटभर खाते आणि बाळंतपणाला हजारो मैल पोहत उबदार पाण्यात येते. इथे तिच्या खाण्यासारखं फारसं काही नसतं. अंगातल्या चरबीवर दिवस काढायचे, पिल्लाला दूध पाजायचं, ते तगडं झालं की घेऊन परत जायचं. प्रत्येकीच्या शेपटीची खालची बाजू वेगळी, काळ्यापांढऱ्या रंगाची, एकीसारखी दुसरीची नाही. हिच्या शेपटीचा डावा पंखा पांढराशुभ्र होता आणि उजव्याला खाच होती. तिचं नाव बाईंनी ठेवलं होतं माहेरवाशीण. यजमान हसायचे. "माहेरी येऊन उपाशी राहणारी ही पहिलीच!" ती पहिल्यांदा दिसली तेव्हा बाईंची लेक टपरीत रिकाम्या डब्यावर बसायची, खिडकीशी चवड्यांवर उभी राहून, दोन्ही कोपरं चौकटीवर टेकून समुद्र बघायची. एवढ्याशा पोरीला बोटीचं घड्याळ कुठून कळणार? म्हणून बाईंनी तिला खुर्चीचं घड्याळ शिकवलं होतं. समोर बारा. उजवीकडचे जुळे खडक म्हणजे दोन. डावीकडचा दीपस्तंभ म्हणजे दहा. "आई, दोन वाजले!" असं पोर किंचाळली की बाई खडकांकडे बघायच्या आणि बोटीला बोटीच्या हिशेबानं सांगायच्या.

ती लेक मोठी झाली, लग्न होऊन लांब गेली. इतकी लांब की तिथून समुद्र कुठल्याच दिशेला नाही. वडील गेले तेव्हा आली होती, त्यानंतर नाही. वाईटपणा काही नव्हता. नोकरी, मुलं, त्यांच्या शाळा, सासूबाईंचं दुखणं, प्रवास हा असा. फोन मात्र नेमानं यायचा. एकदा फोनवर बाईंच्या तोंडून निघून गेलं, "स्पर्म व्हेलमधे गं, मुली आईला सोडून कध्धी जात नाहीत. मुलगे जातात. लेकी, आया, मावश्या, सगळ्या जन्मभर एकत्र. एक बुडी मारते तेव्हा दुसरी तिचं पिल्लू सांभाळते."

 लेक म्हणाली, "मी हंपबॅक आहे असं समज ना, आई. लांब असते, पण येते."

"हंपबॅक येते," बाई म्हणाल्या. "तू कुठे येतेस?"

बोलून गेल्या आणि मग रात्रभर स्वतःला बोल लावत राहिल्या.

त्या हंगामात लेक आली. एकटीच, मुलांना नवऱ्यावर सोपवून, जेमतेम तीन दिवसांसाठी. आली तीच म्हणाली, "मी काही कुठे जात नाही. तुझ्याजवळ टपरीत बसते." कुठल्याही आईला आणखी काय हवं? पण बाईंच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. दोन आठवड्यांपूर्वी माहेरवाशीण लांबवर ओझरती दिसली होती, शेजारी पिल्लू असावंसं वाटलं होतं. तिची शेपटी लेकीनं जवळून बघावी, असं बाईंनी मनात घट्ट धरलं. त्यांची भीती साधी होती. पोरीला आता इथलं काय उरलंय? वडील नाहीत, मैत्रिणी पांगल्या, घर म्हणजे दोन खोल्या आणि एक म्हातारी. म्हाताऱ्या सगळीकडे मिळतात. ती देवमाशीण दिसली तर पोर म्हणेल, पुढच्या वर्षी मुलांना दाखवायला आणते. नाही दिसली, तर हा फेरा शेवटचाच. हे लेकीला सांगितलं असतं तर तिनं तिथल्या तिथे निकाल लावला असता. पण मनातलं सांगतील तर त्या बाई कसल्या!

"टपरीत काय आहे बघायला?" त्या म्हणाल्या. "बोटीवर जा. मी सांगते ना वरून."

झालं. लेक बोटीवर आणि आई टेकाडावर. इतक्या वर्षांनी घरी आलेल्या पोरीला तिची आई तीन दिवस दुर्बिणीतून बघत होती. बोटीवर सगळ्यांना सारखीच नारिंगी जॅकेटं, त्यात आपली कुठली हे शोधण्यात बाईंचे दोन फवारे हुकले. असं आधी कधी झालं नव्हतं.

पहिल्या दिवशी ब्लू व्हेल दिसला. प्रवासी नुसते ओरडत होते. बाईंना त्याचं काय! त्या पुटपुटल्या, "तू रे कशाला आलास?" दुसऱ्या दिवशी स्पर्म व्हेलचं अख्खं कुटुंब. पाण्यात उभ्या राहून झोपल्या होत्या सगळ्या, खांब रोवल्यासारख्या. असं दृश्य लाखात एखाद्यालाच दिसतं. संध्याकाळी लेक घरी आली ती तेच सांगत होती, ताटावर बसूनही हातवारे करत. बाई "हो का" म्हणत होत्या आणि खिडकीतून वारा कुठला आहे ते बघत होत्या.

"आई, उद्या माझा शेवटचा दिवस आहे," लेक म्हणाली. "उद्या तरी टपरीत बसू दे."

"उद्या वारा पडणार आहे. समुद्र कसा तेलासारखा होईल. उद्याच दिसेल ती."

"आणि नाही दिसली तर?"

"दिसेल," म्हणून बाईंनी ताटं उचलली. लेक त्यांच्या पाठीकडे बघत बसली.

तिसऱ्या दिवशी वारा पडला, पण समुद्रावर काही म्हणजे काही नव्हतं. सकाळची फेरी कोरडी गेली. दुपारच्या फेरीतही तेच. उन्हं कलली, कप्तान म्हणाला, "वहिनी, आता वळतो. लोकं जांभया देताहेत." बोटीनं नाक टपरीकडे केलं आणि ती धक्क्याच्या वाटेला लागली. दुर्बीणबाईंनी डोळे पुसले. उन्हानं पाणी येतं, असं त्या म्हणत.

आणि तेवढ्यात जुळ्या खडकांच्या अलीकडे पाणी फुटलं. बुटका, झुडपासारखा फवारा. त्याच्या शेजारी दुसरा, चिमुकला. मग ती काळी पाठ कमानीसारखी वर आली. पाठ अशी वाकली की पुढे शेपटी वर येणारच, आणि शेपटी गेली की मग ती खाली. वेळ होता तो तेवढाच. बाईंनी वॉकीटॉकी ओढला.

"दोन वाजता!" त्या किंचाळल्या. "दोन वाजता! बघ गं, दोन वाजता!"

कप्ताननं भोंग्यावर गर्जना केली, "उजवीकडे! सगळे उजवीकडे!" आणि सगळी नारिंगी जॅकेटं उजव्या कठड्याला जाऊन भिडली. बोट त्या बाजूला कलली. उजवीकडे सपाट, रिकामं पाणी होतं.

ते दुर्बिणीत दिसलं तेव्हा बाईंना चूक कळली. दहा म्हणायचं होतं. बोटीचे दहा. त्या स्वतःच्या खुर्चीतून बोलल्या होत्या. शिकाऊ पोरंसुद्धा दुसऱ्या आठवड्यात जी चूक करत नाहीत, ती आज, ह्या एका दिवशी, त्यांच्या हातून झाली होती. दुरुस्त करायला वॉकीटॉकी पुन्हा तोंडाशी नेला, पण तोवर उशीर झाला होता. तिकडे खडकांच्या अलीकडे शेपटी वर आली, डावा पंखा पांढरा, उजव्याला खाच, पाणी निथळत क्षणभर उभी राहिली आणि आवाजही न करता खाली गेली. मागोमाग पिल्लाची पाठ गेली. पाणी पुन्हा सारखं झालं.

बाईंनी दुर्बीण सोडली.  वॉकीटॉकीत कप्तान ओरडत होता, "वहिनी, कुठे? अहो, कुठे?" आपल्याच हातानं घालवलं, एवढंच त्यांना कळत होतं. तीन दिवस पोर जवळ बसायला मागत होती, तेही घालवलं आणि हेही.

मग सवयीनं त्यांनी डोळा परत दुर्बिणीला लावला. बोट धक्क्याला लागेपर्यंत तिच्यावरची नजर काढायची नाही, हा नियम. उजव्या कठड्याला गर्दी तशीच होती. पण डाव्या कठड्याला एक जॅकेट होतं. एकटंच. चवड्यांवर उभं, दोन्ही कोपरं कठड्यावर टेकलेली, तोंड जुळ्या खडकांकडे.

वॉकीटॉकी खरखरला. आवाज कप्तानचा नव्हता.

"आई," लेक म्हणाली. ती रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. "खुर्चीचे दोन ना? मला कळलं. तू 'बघ गं' म्हणालीस ना, तेव्हाच कळलं. बघितली मी. पिल्लू पण बघितलं."

बाईंनी दुर्बीण त्या एकट्या जॅकेटवर घट्ट धरली.

"काका, तुम्ही थांबा जरा," पलीकडे लेक कप्तानला दटावत होती. मग परत म्हणाली, "आई, ऐकतेस ना? आता मी वर येतेय. मधे उभी राहणार नाही, डब्यावर बसेन."

डबा केव्हाच गंजून टाकून दिला होता. बाई उठल्या, थर्मास खाली ठेवला आणि बोट धक्क्याला लागायच्या आत पहिल्यांदाच खुर्ची सोडून, ती पुसून, खिडकीकडे वळवून रिकामी ठेवली.