बाहेर कोणीतरी वाट पाहतंय

चियायी गावात देवळामागच्या तुंगहुई थिएटरने तीन जन्म काढले. जपान्यांच्या काळात लाकडी मंडप होता, त्यात गाण्याची नाटकं चालत, तो जळाला. मग सिमेंटची इमारत आली, नऊशे खुर्च्या आल्या, सिनेमा आला. शेवटी सज्जाला कुलूप लागलं आणि छताच्या सळया दिसू लागल्या. लियाव पीश्या दुसऱ्या जन्मात तिकीटखिडकीवर आली, ती तिथेच पिकली.

बाहेर कोणी निरोप घेऊन आलं, की ती काचेच्या पट्टीवर कुंचल्याने लिही: अमका तमका, बाहेर कोणीतरी वाट पाहतंय. जिना चढून मशीनखोलीच्या झरोक्यातून पट्टी आत सरकवी. आत सिनेमाचं मशीन चालवणारा होंग छिंगफा. तो ती दिव्यापुढे लावून पडद्याच्या कडेला उमटवी, आणि अंधारात कुणीतरी धडपडत उठे. बायको अडली, दुकानाला आग लागली, सासू आली. बत्तीस वर्षं दोघांचं बोलणं त्या झरोक्याएवढंच राहिलं.

"चहा."

"ठेवा."

थिएटरच्या शेवटच्या दिवशी दुपारच्या खेळाला सात माणसं होती. विधुर होंग संध्याकाळच्या बसने मुलाकडे कायमचा निघणार होता. पीश्याला त्याला म्हणायचं होतं, जाऊ नका. झरोक्यातून ते म्हणवेना. तिने पट्टी घेतली आणि लिहिलं: होंग छिंगफा, बाहेर कोणीतरी वाट पाहतंय. आतल्या हाताने ती नेहमीसारखी ओढून घेतली.

खाली येऊन ती दाराच्या फटीशी उभी राहिली. नाव उमटलं. तीन मिनिटं तसंच राहिलं. जिन्यावर पाऊल वाजलं नाही.

एक म्हातारी तेवढी बाहेर डोकावली. "काय गं, कोण आलंय?"

"तुमच्यासाठी नाही, आजी."

"मग ज्याचं आहे तो उठत का नाही? बहिरा की काय मेला!"

खेळ सुटल्यावर होंग पिशवी घेऊन उतरला.

"आजची पट्टी फुकट गेली. वरून बघत होतो, एक म्हातारी सोडली तर खुर्ची हलली नाही."

"नाव वाचलंत?"

"नाव कधी वाचलंय मी! पट्टी उलटी लागली नाही ना, एवढंच बघतो. कोणाला बोलावलं होतं?"

पीश्याचे ओठ उघडले. त्याने घड्याळ पाहिलं.

"होता एक," ती म्हणाली. "आधीच निघून गेला असेल."

"आणि वाट पाहणारं माणूस?"

"तेही जाईल."

"बरं," होंग म्हणाला, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेत. "पायऱ्या ओल्या आहेत. सांभाळून उतरा."